सतरा नंबर आला नाही

मोटारसायकलच्या सीटा शिवण्यात मावशीची बावीस वर्षं गेली होती. त्यामुळे कुणा आमदाराच्या भेटीच्या खोलीत गेलं, की ती आधी सोफ्यावर तळहात दाबून बघायची. फोम पार बसलेला असला, की समजायचं, इथे लोकांना तासन्‌तास बसवून ठेवतात. फोम ताठ असला तर त्याहून वाईट. म्हणजे इथे कुणाला बसूच देत नाहीत. नऊ महिन्यांत तिने असे एकवीस सोफे दाबून पाहिले होते.

"काय मावशी, काय निदान?" मास्तर हळूच विचारायचे.

"आतून भुसा झालाय. वरचं रेक्झिन तेवढं नवं."

"मी सोफ्याचं विचारतोय."

"मी तरी कुणाचं सांगतेय?"

मग नर्सबाई रुमालात तोंड लपवून हसू दाबायची, आणि तेवढ्यात आतून बोलावणं यायचं.

मास्तर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, मोटारसायकलवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. नर्सबाई मोठ्या दवाखान्यात कामाला, आणि गाडी अशी चालवायची की भल्याभल्यांनी बाजूला व्हावं. या दोघांनीच मावशीला आमदारांच्या दारात उभं राहायला शिकवलं होतं. चामड्याची जाकिटं घालून जायचं नाही, लोक गुंड समजतात. एका पानाच्या वर कागद द्यायचा नाही, दुसरं पान कुणी वाचत नाही. आणि रडायचं नाही.

"रडलं की ते पाणी मागवतात," नर्सबाई म्हणाली होती, "आणि पाणी येईस्तोवर आपली वेळ संपते."

मावशी कुठेच रडली नाही. तिच्याकडे सांगायला तीन मिनिटांचंच होतं आणि ते तिने पाठ केलं होतं. तिचा मुलगा तपासणीसाठी रक्ताचे नमुने या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पोचवायचा. रोजचीच गाडी, रोजचेच रस्ते. एका सुट्टीच्या दिवशी तो संघटनेच्या सात जणांबरोबर फिरायला निघाला आणि सर्वांत मागे होता. रस्ता दुरुस्तीला घेतलेला. वरचा थर खरवडून काढलेला आणि मधोमध चार बोटं उंचीचा काठ तसाच सोडलेला. फलक नाही, दिवा नाही. त्या काठावर त्याचं पुढचं चाक घसरलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने काठ बुजवला आणि पोलिसांनी नोंद लिहिली : दुसऱ्या वाहनाचा संबंध नाही. चालकाचा स्वतःचा दोष.

देवाकडे मावशी आता मुलगा मागत नव्हती. रोज सकाळी हात जोडून ती फक्त एक ओळ मागत होती. ती ओळ खोडली जावी, एवढंच.

कारण ती ओळ घरात राहायला आली होती. तिच्या नवऱ्याने तीस वर्षं सरकारी कचेरीत नकला काढण्याचं काम केलेलं. अक्षर मोत्यासारखं, आणि कागदावर श्रद्धा देवाइतकी. नोंदीची नक्कल हातात आली त्या दिवशी त्याने ती दोनदा वाचली, घडी घातली आणि म्हणाला, "लिहिलंय ते लिहिलंय." त्यानंतर मुलाचं नाव त्याच्या तोंडून पुन्हा आलं नाही. मावशी चार शब्द बोलायला गेली तर तो उठून नळाखाली हात धूत बसायचा. घरात दोन माणसं होती आणि दोघं आपापल्या भिंतीकडे तोंड करून जेवत होती.

संघटनेने मांडायला लावलेल्या कायद्यात तीन कलमं होती. अपघातात मोटारसायकल एकटीच असेल तर रस्त्याचीही तपासणी व्हावी. ती होईपर्यंत रस्त्याला कुणी हात लावू नये. आणि तिसरं, मावशीचं कलम : अशी जुनी प्रकरणं घरच्यांनी अर्ज केल्यास पुन्हा उघडावीत, पण अपघाताला तीन वर्षं व्हायच्या आत. मुलाच्या मागून आलेल्या ट्रकवाल्याने त्या काठाचा फोटो काढून ठेवला होता. प्रकरण उघडलं असतं तर तो फोटो पुरेसा होता. तीन वर्षं भरायला सहा आठवडे राहिले होते.

हा कायदा ज्या नऊ आमदारांच्या समितीपुढे होता, तिच्यात चार बाजूने होते आणि चार ठेकेदारांच्या. राहिल्या एक आमदारबाई. त्यांच्या खोलीतला सोफा मावशीला आवडला होता. जुना होता, पण कुणीतरी वेळच्या वेळी टाके घातले होते. त्या सरळ बोलल्या.

"मावशी, मला तुमचं पटतंय. पण समितीचे अध्यक्ष म्हणणार, हे चार हौशी लोकांचं खूळ आहे. सुनावणीला माणसं दिसली पाहिजेत. बाक भरलेले दिसले तर मी हात वर करते. रिकाम्या बाकांसाठी मी भांडण विकत घेणार नाही."

"भरलेले दिसतील," मास्तर म्हणाले. "तेवीस गाड्या घेऊन येतो."

"गाड्या नकोत, माणसं आणा."

"माणसं गाडीवरूनच येतील, बाई. मोटारसायकलवाले बसमधून उतरले तर लोक काय म्हणतील?"

आमदारबाई हसल्या. मावशीलाही तेव्हा हसू आलं. आदल्या दिवशीच बसने जाऊन राहावं असं तिला एकदा वाटलं होतं, पण ती बोलली नाही.

सुनावणी अकराला होती. सकाळी सातला तेवीस गाड्या निघाल्या. नर्सबाईच्या मागे मावशी, तिनेच शिवलेल्या सीटवर. पिशवीत एका पानाचा कागद आणि ट्रकवाल्याचा फोटो. रस्ता तीन तासांचा होता, म्हणजे वेळ हाताशी भरपूर. वाटेत पेट्रोल पंपावर थांबले तेव्हा सगळे मजेत होते. खटारा नावाचा एक बेकरीवाला होता. नाव त्याच्या गाडीवरून पडलेलं. गाडीचा आवाज आधी यायचा आणि गाडी मागून. त्याने प्रत्येकाला घरून आणलेली बिस्किटं वाटली.

"मावशी, आज तुम्ही बोलायचं आणि आम्ही मागे बसून नुसतं बघायचं. डोळे वटारून."

"वटारू नकोस रे बाबा. तुझे डोळे बघून आहेत ती चार मतंही जातील."

"मग मिटून बसतो."

"घोरशील!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

पंपानंतर पाऊण तासाने एका मोठ्या चौकाच्या अलीकडे ते पुन्हा थांबले. थांबलं की मोजणी, हा त्यांचा शिरस्ता. प्रत्येकाला नंबर दिलेला. हेल्मेट काढायचं नाही, उतरायचं नाही, आधी आपापला आकडा मोठ्याने ओरडायचा. एक मास्तरांचा, दोन नर्सबाईचा. आकडे मागे मागे जात राहिले. चौदा. पंधरा. सोळा.

मग काहीच नाही.

"सतरा!" मास्तरांनी हाक दिली. "खटारा! अरे, झोपलास काय?"

मागे रस्ता सरळ होता, दूरवर दिसत होता. त्यावर गाड्या येत होत्या, पण त्यांतली एकही खटाऱ्याची नव्हती. फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. ज्याच्या मागे तो चालायचा, तो सोळा नंबरवाला म्हणाला,

"पंपावर होता. बिस्किटं वाटत होता. मी आरशात पाहिलं नाही, मास्तर. मला वाटलं, आहेच मागे."

त्या वेळी साडेनऊ वाजले होते. पुढे तासाभराचा रस्ता होता. नर्सबाईने घड्याळ पाहिलं आणि गाडी मास्तरांच्या जवळ घेतली.

"मास्तर, चौघं मागे जाऊ द्या. बाकीच्यांना घेऊन तुम्ही पुढे चला. निदान मी मावशीला घेऊन पुढे जाते."

मास्तर मावशीकडे बघत राहिले, आणि हळूहळू सगळेच तिच्याकडे बघायला लागले.

मोजणीचा नियम मावशीचा होता. मुलगा पडला त्या दिवशी पुढे मास्तर होते. चहाला थांबल्यावर, चाळीस मिनिटांनी, त्यांच्या लक्षात आलं की एक कमी आहे. तेव्हाही कुणीतरी म्हणालं होतं, येईल मागून, पंक्चर झालं असेल. मग दोघं मागे गेले आणि बाकीचे चहा पीत राहिले. ते दोघं पोचेपर्यंत ट्रकवाला त्याला उचलून घेऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. पुढे मावशी पहिल्यांदा संघटनेच्या बैठकीला आली, तेव्हा तिने कुणाला दोष दिला नाही. एकच मागितलं. "एक जरी कमी भरला, तरी सगळ्यांनी मागे फिरायचं. निम्म्यांनी नाही, सगळ्यांनी. आणि कुठेही जायचं तर मोजणी पुरी झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही." त्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून तिला शब्द दिला होता. मास्तरांनी तर तिचे पाय धरले होते.

आता तेच मास्तर हेल्मेटची काच वर करून तिच्या तोंडाकडे बघत होते. ती 'चला' म्हणाली असती तर ते गेले असते. तिच्या मनात तो शब्द आलाही. जिभेच्या टोकापर्यंत आला. पिशवीतला कागद तिने बाहेरूनच हाताने चाचपला. मग तिला डोळ्यांपुढे रस्त्याकडेला आडवा पडलेला खटारा दिसला. त्याचं तोंड दिसत नव्हतं, अंगावर जाकीट होतं, आणि ते जाकीट कुणाचं होतं हे तिला ठाऊक होतं.

"फिरवा," ती म्हणाली.

"मावशी, अकराला..." नर्सबाई म्हणाली.

"फिरवा गं, बाई."

बावीस गाड्या मागे फिरल्या. जाताना मास्तरांनी आमदारबाईंच्या मदतनिसाला फोन केला. तो म्हणाला, "त्या आत गेल्यात. चिठ्ठी पाठवतो. पण लवकर या हो, दोनदा पुकारतात, तिसऱ्यांदा नाही."

त्यांनी रस्त्याची दोन्ही अंगं पाहिली. मोऱ्यांत उतरून पाहिलं. एका वळणावर फुटलेल्या आरशाची काच दिसली तेव्हा सोळा नंबरवाला खाली बसून ओकला. काच जुनी होती, तिच्यावर धुळीचा थर होता, पण हे कळायला पाच मिनिटं गेली. पंपावर विचारलं. पोऱ्या म्हणाला, "तो खडखड गाडीवाला ना? त्याने पेट्रोल घेतलंच नाही. टाकी भरलीय म्हणाला आणि गेला."

"कुठे गेला?"

"पुढे. तुमच्याही आधी."

पंपाच्या पुढे थोड्या अंतरावर नवा वळणरस्ता फुटत होता. गावाला बाहेरून वळसा घालून तो थेट राजधानीच्या अंगाला निघायचा. ते जुन्या रस्त्याने गेले होते. तो नव्याने.

मग मात्र त्यांनी गाड्या अशा हाणल्या, की मावशीने आयुष्यात पहिल्यांदा नर्सबाईच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला.

विधानभवनाच्या फाटकाशी पोचायला पावणेबारा झाले. फोन खिडकीत जमा करा, टोकन घ्या, पिशवी उघडून दाखवा. आतल्या अंगणात, समितीच्या इमारतीच्या पायऱ्यांवर खटारा उभा होता. हेल्मेट काखेत, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. त्यांना बघून त्याने दोन्ही हात वर केले.

"अरे, आहात कुठे सगळे? मी दहापासून उभा आहे! म्हटलं, पुढे जाऊन रांग तरी धरावी. फोनसुद्धा आधीच जमा करून टाकला, नंतर खोळंबा नको."

"तू आत का नाही गेलास?" नर्सबाईचा आवाज चिरकला.

"एकटा?" खटारा गोंधळला. "मोजणी कुठे झाली होती? आतून दोनदा पुकारलं, मला इथवर ऐकू आलं. मी त्या शिपायाला म्हटलं, येतायत, आमच्या बावीस गाड्या यायच्यात. पण आत कसा जाणार? नियम आहे ना."

मग त्याने एकेकाचे चेहरे पाहिले आणि त्याचे हात आपोआप खाली आले. मास्तर पायरीवर बसले. जिंदगीभर पोरांना हातचे शिकवलेला तो माणूस स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला.

मावशी आत गेली. खोलीत आता मासेमारीच्या परवान्यांवर बोलणं चाललं होतं. मागचे बाक भरलेले होते, दुसऱ्याच लोकांनी. दारापाशी ठेकेदारांचा माणूस कागद आवरत होता. प्रत्येक बैठकीला दिसणारा, गोड बोलणारा. त्याने तिला ओळखलं आणि बाजूला होऊन वाट दिली.

"फार वाईट वाटलं, मावशी. खरंच सांगतो. मी कालच येऊन राहिलो होतो. रस्त्याचा काय भरवसा?"

त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, निदान रागवायला कुणी मिळालं असतं.

आमदारबाई मधल्या सुट्टीत बाहेर आल्या. "चिठ्ठी मिळाली मला. मी अध्यक्षांना सांगून विषय एक नंबर मागे टाकून घेतला. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा वळून पाहिलं. एक माणूस नाही. एक! मावशी, मी कुणाच्या जोरावर हात वर करू?"

"आमचा एक जण हरवला होता."

"सापडला?"

"हो."

आमदारबाई काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या, "पुढच्या अधिवेशनात घेऊ. विषय मेलेला नाही, पुढे गेलाय."

"पुढचं कधी?"

"चार महिन्यांनी."

मावशीने कागद काढला. "हे माझं बोलणं लिहिलेलं आहे. हे तरी घ्याल?"

तो कागद त्यांनी कारकुनाकडे दिला. कारकुनाने त्यावर 'मिळाला' असा शिक्का मारला आणि ट्रेमध्ये टाकला. तो तरुण होता, सभ्य होता. तिने मुदतीचं विचारलं तेव्हा त्याने तिसरं कलम पुन्हा वाचून पाहिलं आणि मान हलवली. "चार महिन्यांनी कायदा झाला तरी तुमचं प्रकरण त्यात बसणार नाही, मावशी. तीन वर्षं उलटलेली असतील. बाकीच्यांचं होईल."

"बाकीच्यांचं होईल," मावशी म्हणाली. तिला वाटलं, यात आपल्याला थोडं तरी बरं वाटायला हवं. देव बघतोय, आपण शब्द मोडला नाही, माणूस टाकून पुढे गेलो नाही. तिने मनात चाचपून पाहिलं. तिथे काही नव्हतं.

परतीच्या वाटेवर थांबले तिथे मोजणी झाली. सोळा झाला, आणि सतराला खटारा ओरडण्याऐवजी रडला. तरी सोळा नंबरवाल्याने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि मास्तरांना हात केला, की आहे. गावाच्या वेशीवर खटारा गाडी बाजूला घेऊन मावशीसमोर येऊन उभा राहिला. मावशीने त्याच्या गाडीच्या सीटकडे पाहिलं. कडेची शिवण उसवली होती.

"आणून टाक उद्या," ती म्हणाली. "पाणी गेलं की फोम सडतो."

याहून जास्त तिला देता आलं नाही, आणि याहून कमी देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून होतं. नवरा खिडकीजवळच्या टेबलाशी बसला होता. चष्मा लावलेला, समोर दौत, हातात जुना टाक. निवृत्त झाल्यापासून तो टाक त्याने पेटीतून काढला नव्हता. तिची चाहूल लागली तसं मान वर न करता त्याने विचारलं,

"नंबर काय पडला?"

"कसला?"

"कायद्याला. नंबर पडला असेल ना. आणि आजची तारीख. तेवढ्या दोन जागा मोकळ्या ठेवल्यात."

मावशी जवळ गेली. टेबलावर अर्ज होता, तीन पानी. समासाला रेघ, ओळी सरळ, एकही खाडाखोड नाही. कचेरीत लोक ज्या अक्षरासाठी रांगेत थांबायचे, त्या अक्षरात त्याने मुलाचं पूर्ण नाव लिहिलं होतं, आणि त्याच्यापुढे : माझा एकुलता एक मुलगा, वाहन चालवण्यात अत्यंत सावध. पुढे अपघाताची जागा, काठाची उंची, फोटो, ट्रकवाल्याचा पत्ता. हे तो कधी विचारायला गेला होता? कुणाला? तिला पत्ता नव्हता. खाली तारखेवार लिहिलं होतं, की अर्जदाराने स्वतः जाऊन जागा मोजली आहे.

"अहो," ती म्हणाली, "हे कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. तू आमदारांकडे जायला लागलीस त्याच्या आधीपासून." तो टाक दौतीच्या तोंडाशी निथळवत होता. "कच्चं लिहून खोडत होतो. बोलून काय उपयोग होता? कागदाला कागदच लागतो. सांग, नंबर सांग."

तिने सांगितलं. पंपापासून सुरुवात केली, मोजणीपर्यंत आली, मागे फिरलो ते सांगितलं, आणि काही न गाळता शेवटपर्यंत गेली. मुदतीचंही सांगितलं. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाच बोलला.

"तो पोरगा धड आहे ना?"

"धड आहे."

"बरं झालं."

ते त्याने मनापासून म्हटलं, हे तिला दिसलं. मग त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोटांवर महिने मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. चार महिने आणि सहा आठवडे, यात कुठे फट निघते का ते तो शोधत होता, आणि फट नव्हती.

"विलंब माफीचा अर्ज?" तिने विचारलं. असं काहीतरी असतं, हे तिने त्याच्याच तोंडून कधीतरी ऐकलं होतं.

"कलमात तशी सोय लिहिली आहे?"

"नाही."

तीस वर्षं खिडकीच्या आत बसून तो बाहेरच्या लोकांना एकच वाक्य सांगत आला होता. विधवांना सांगितलं होतं, म्हाताऱ्यांना सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर पुढच्याला हाक मारली होती. आता समोर खिडकी नव्हती. त्याने टाक पुसला, दौतीला बूच लावलं आणि ते वाक्य त्याच आवाजात, तितक्याच अदबीने, स्वतःच्या बायकोला सांगितलं.

"मुदत संपली की कागद घेता येत नाही."

मावशी खुर्चीत बसली. त्याने अर्ज तिच्यापुढे सरकवला, आणि ती तो पहिल्या ओळीपासून वाचू लागली.